मत्स्यपेटीत न बोलावता आलेल्या गोगलगायी : ओळख आणि बंदोबस्त

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी कोसाडला थोरल्या बहिणीकडे गेलो असता, पिशवी खाली ठेवतो न ठेवतो तोच नववीत शिकणाऱ्या भाच्याने हात धरून मला मत्स्यपेटीपाशी नेले. "मामा, मी एकही गोगलगाय आणलेली नाही. मग या आल्या कुठून?" असा त्याचा रोकडा प्रश्न होता. पेटीच्या पुढच्या काचेवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहूनही लहान अशा पुष्कळ गोगलगायी सावकाश सरकत होत्या. भाच्याचा विचार पक्का झालेला होता. पेटीतील वनस्पती, वाळू आणि गोगलगायी एका बादलीत भरून तो ती सायंकाळी मागच्या खाडीत ओतणार होता. त्याला दोन दिवस थांबवले. त्या दोन दिवसांत त्याच्याबरोबर जे पाहिले व तपासले, ते शाळेत मत्स्यपेटी ठेवणाऱ्या शिक्षकांस, तसेच गुरेढोरे बाळगणाऱ्या वाचकांसही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे मांडीत आहे.

कोसाड हे पूर्वीचे खेडे आता सुरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. सुरतहून भरूचकडे निघालेली गाडी तापीचा पूल ओलांडते, उतराण मागे पडते आणि पुढचे स्थानक कोसाडचे लागते. तापीच्या काठाकाठाने खानदेशची माणसे कामासाठी सुरतेस उतरू लागली त्याला पिढ्या लोटल्या. आमचे मेहुणे त्यांपैकीच एक. ते यंत्रमागावर पाळीने काम करतात. कोसाड आवास या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वसाहतीत त्यांचे घर आहे. वसाहतीच्या उत्तरेस ओलपाड तालुक्याची भाताची व उसाची शेते लागतात. त्यामुळे शहरात असूनही खाडी, चर, डबकी आणि त्यांत डुंबणाऱ्या म्हशी या वस्तीस परक्या नाहीत. हा तपशील लेखात पुढे कामास येणार आहे.

भाच्याची पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तीत 56 लिटर पाणी मावते. वाळू व वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात पाणी 45 लिटरच्या आसपास असते. तीत आठ गप्पी, दोन सोनमासे आणि हायड्रिला ही पाणवनस्पती होती. दोन सोनमाशांना ही पेटी अपुरी आहे हे मी तेथेच सांगितले, परंतु तो निराळा विषय आहे.

गोगलगायी आल्या कशा, याचे उत्तर हायड्रिलातच होते. भिंग घेऊन एकेक फांदी पाहत गेलो तेव्हा पानांच्या खालच्या अंगास पारदर्शक, लुसलुशीत, तांदळाच्या दाण्याएवढी पुंजकी चिकटलेली आढळली. प्रत्येक पुंजक्यात पुष्कळ बारीक ठिपके होते. हीच गोगलगायींची अंडी. दुकानातून किंवा ओढ्यातून आणलेल्या वनस्पतीवर ती असली तरी नुसत्या डोळ्यांस सहसा दिसत नाहीत. आठवड्या-दोन आठवड्यांत त्यांतून पिल्ले बाहेर पडतात आणि उबदार पाण्यात दीड-दोन महिन्यांत तीच अंडी घालू लागतात. वनस्पतीखेरीज आणखी दोन वाटा आहेत. एक, माशांबरोबर पिशवीतून आलेले पाणी, आणि दुसरी, ओल्या वाळूतून आलेली पिल्ले. डासांच्या बंदोबस्तासाठी आरोग्य खात्याच्या पैदास टाक्यांतून गप्पी मासे शाळेत आणले जातात, तेव्हाही मासे तेवढे जाळीने उचलून घ्यावेत, टाकीचे पाणी आणू नये.

या प्राण्यांत नर-मादी वेगळे असणे प्रत्येक वेळी आवश्यक नसते, ही गोष्ट भाच्यास सर्वांत नवलाची वाटली. पेटीत आढळणाऱ्या बऱ्याच जातींत एकाच प्राण्याच्या अंगी दोन्ही लिंगे असतात आणि जोडीदार न मिळाल्यास तो एकटाच प्रजा वाढवू शकतो. म्हणून "मी एकच राहू दिली होती" ही तक्रार खोटी नसते.

ओळख कशी पटवावी

बंदोबस्त करण्यापूर्वी पाहुणा कोण आहे हे जाणून घ्यावे. त्यासाठी एक गोगलगाय चिमट्याने उचलून पांढऱ्या बशीत थोड्या पाण्यात ठेवावी आणि भिंगातून तीन गोष्टी पाहाव्यात: कवचाचा आकार, कवचाचे तोंड कोणत्या बाजूस आहे, आणि प्राणी आत शिरल्यावर तोंडावर झाकण बसते की नाही.

तोंडाची बाजू पाहण्याची रीत सोपी आहे. कवचाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे येईल असे कवच धरावे. तोंड आपल्या डाव्या हातास आले तर कवच डावखुरे व उजव्या हातास आले तर उजवे. येथे देवघरातील शंखामुळे घोटाळा होण्याचा संभव आहे. पूजेच्या परंपरेत शंखाचे निमुळते टोक, म्हणजे वळशांच्या विरुद्ध बाजूचे टोक, वर धरून पाहतात, आणि प्राणिशास्त्रात वळशांचे टोक वर धरतात. म्हणून ज्या दुर्मिळ शंखास आपण दक्षिणावर्ती म्हणतो, तो शास्त्राच्या भाषेत डावखुरा ठरतो. वस्तू एकच, परंतु धरण्याची रीत उलटी झाल्याने नावही उलटते. वर्गात हे दाखवावयाचे असल्यास साधा शंख आणून दोन्ही प्रकारे धरून दाखवावा, म्हणजे मुलांचा गोंधळ उरत नाही.

कोसाडच्या पेटीतील बहुसंख्य गोगलगायी डावखुऱ्या निघाल्या. कवच पातळ, चकचकीत, तपकिरी, आतील अंगाचे ठिपके बाहेरून दिसावेत इतके पारदर्शक. डोक्यावरील दोन स्पर्शिका दोऱ्यासारख्या बारीक. तोंडास झाकण नाही. ही फायसा. हिचे शास्त्रीय नाव फायसेला अक्यूटा असे आहे. ही मूळची उत्तर अमेरिकेची, पण आता जगाच्या बहुतेक उष्ण व समशीतोष्ण भागांत पसरली आहे. घरगुती पेटीत न बोलावता येणाऱ्यांत हिचा पहिला मान. ही फुप्फुसाने श्वास घेते, म्हणून घडीघडी पृष्ठभागावर येते, आणि पाण्याच्या पृष्ठभागास खालून चिकटून उलटी चालतानाही दिसते. मुलांना हे दृश्य फार आवडते.

फायसाशी साम्य असणारी, परंतु उजव्या तोंडाची गोगलगाय म्हणजे लिम्निया. हिचे कवचही पातळ व बिनझाकणाचे असते; मात्र शेवटचा वळसा मोठा, तोंड रुंद आणि स्पर्शिका दोऱ्यासारख्या नसून चपट्या व त्रिकोणी असतात. स्पर्शिकांवरून ही दुरूनही ओळखता येते. आपल्याकडील तळी, भातखाचरे व संथ ओढे हे हिचे मूळ घर. गुरांच्या दृष्टीने हिची ओळख महत्त्वाची आहे.

तिसरा प्रकार चपट्या चकतीसारखा, मेंढ्याच्या शिंगाप्रमाणे एकाच पातळीत वळलेला. आपल्या जलाशयांत आढळणारी या घडणीची मोठी गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. ती वाढून सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाची होते. हिच्या रक्तात माणसाच्या रक्ताप्रमाणेच हिमोग्लोबिन असते. दुकानांत मिळणाऱ्या गुलाबी-तांबड्या चकत्या बहुधा परदेशी जातीच्या असून शोभेसाठी पाळलेल्या असतात.

चौथी, लांबट व टोकदार, लहानशा स्क्रूसारखी दिसणारी मेलानॉइडिस. हिचे कवच जाड, त्यावर आडव्या-उभ्या रेषा, आणि तोंडास झाकण. दिवसा ही वाळूत दडून बसते व रात्री बाहेर येते. त्यामुळे पेटीत शेकडो असूनही घरच्यांना पत्ता नसतो. ही अंडी घालीत नाही, पिल्लांना जन्म देते, आणि तेही बहुधा नराविना. वनस्पती औषधात बुडविल्याने अंडी मरतील, पण झाकण लावून बसलेली ही गोगलगाय मरेलच असे नाही. वाळू तिच्या फिरण्याने हलती राहते, हा तिचा उपकार मानावा. ही कल्ल्यांनी श्वास घेते. म्हणून भर दिवसा या गोगलगायी मोठ्या संख्येने काचेवर चढून पाण्याच्या वरच्या थराशी गोळा होऊ लागल्या, तर पाण्यातील प्राणवायू घटला आहे किंवा पाणी नासले आहे असे समजावे. मासे तोंड वर काढू लागण्यापूर्वीच पुष्कळदा ही सूचना मिळते.

तळ्यातून मुलांनी आणलेली लिंबाएवढी मोठी, झाकणाची गोगलगाय असेल तर ती बहुधा पायला असते. पदवीच्या प्राणिशास्त्राच्या वर्गात हिचे विच्छेदन केलेले शिक्षक तिला ओळखतील. ती अंडी पाण्याबाहेर ओलसर जागी घालते, म्हणून बंद पेटीत तिची पैदास होत नाही. मात्र ती कोवळ्या वनस्पती फस्त करते. आणखी एक प्रकार नजरेतून हमखास सुटतो. काचेवर मोहरीच्या दाण्याहून थोडा मोठा, टोपीसारखा, वळसे नसलेला ठिपका चिकटलेला दिसतो आणि बोटाने ढकलला तर सरकत नाही. हीही एक गोगलगायच. तिच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

संख्या का वाढते

पेटीतील गोगलगायींची संख्या ही मुख्यतः त्यांना मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असते. त्या काचेवरील शेवाळ, कुजकी पाने, माशांनी न खाल्लेले खाद्य आणि मेलेला मासा यांवर जगतात. निरोगी मासा त्या मारीत नाहीत. मेलेल्या माशावर गोगलगायी पाहून त्यांनीच त्यास मारले असा आरोप केला जातो, पण त्या मागाहून आलेल्या असतात.

म्हणून मी भाच्यास विचारले, "दिवसातून खाद्य किती वेळा घालतोस?" त्याने सकाळी एकदाच, तेही चिमूटभर, असे शपथेवर सांगितले. पेटीत तर तळाशी पांढुरका थर साचलेला होता. दुपारी जेवणे झाल्यावर बहिणीच्या सासूबाई पेटीपाशी आल्या आणि भाकरीचा चुरा हातावर कुस्करून त्यांनी अलगद पाण्यात सोडला. "मुकी जनावरं, त्यांना कोण विचारतं?" असे म्हणून त्या पुन्हा जाऊन पडल्या. रात्री पाळीवरून परतलेले मेहुणे हातपाय धुऊन पेटीसमोर बसले, आणि त्यांनीही डबी उघडून खाद्य टाकले. दिवसभर यंत्रमागाच्या खडखडाटात उभे राहिल्यावर ही पंधरा मिनिटे त्यांची विश्रांती होती. तिघांपैकी कोणासही उरलेल्या दोघांचा पत्ता नव्हता. तीन वेळचे अन्न दहा मासे कसे संपवणार? उरलेले गोगलगायींनी खाल्ले, आणि त्या वाढल्या. त्यांनी खाल्ले नसते तर ते कुजून पाण्यात अमोनिया वाढला असता आणि मासे आजारी पडले असते. त्या अर्थाने या बिनबोलावलेल्या पाहुण्यांनी घर सांभाळले होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

त्या रात्री असे ठरले की, खाद्याची डबी एकाच ठिकाणी राहील, दिवसातून एकदाच, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य पडेल आणि आठवड्यातून एक दिवस काहीच पडणार नाही. घालण्याचा मान कोणाचा, यावर थोडी चर्चा झाली. अखेर तो मेहुण्यांना मिळाला. आजींना हे फारसे पटले नाही. त्यांना काकडीची चकती टाकण्याचे दुसरे काम दिले, त्याचे कारण पुढे येईल.

विषाचा मार्ग

त्याच इमारतीतील एका शेजाऱ्यांच्या पेटीतही गोगलगायी झाल्या होत्या. त्यांना कोणीतरी निळ्या रंगाचे औषध सुचविले. त्यांनी ते अंदाजाने, जरा सढळ हातानेच ओतले. गोगलगायी एका रात्रीत मेल्या. सकाळपर्यंत पाणी दुधाळ झाले, दुर्गंधी सुटली, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत एकही मासा उरला नाही. त्यांच्या धाकट्या मुलीने ती पेटी पुन्हा भरू दिली नाही, असे बहिणीने सांगितले.

अशा औषधांत पुष्कळदा ताम्र असते. आपल्या परिचयाचा मोरचूद हे ताम्राचेच लवण होय. ताम्र गोगलगायींना मारते हे खरे, परंतु माशांना घातक ठरणारे प्रमाण त्यापासून फार दूर नसते आणि मृदू पाण्यात ते अधिकच जवळ येते. दुसरे असे की, वाळूत मेलेल्या शेकडो गोगलगायी बाहेर काढता येत नाहीत. त्या कुजतात, प्राणवायू संपवितात आणि अमोनिया निर्माण करतात. मासे औषधाने मरोत वा कुजण्याने, परिणाम एकच. ताम्र वाळूत व काचेच्या सांध्यांत काही अंशी टिकूनही राहते. माझ्या मते घरगुती किंवा शाळेच्या पेटीत गोगलगायींसाठी औषध घालण्याचे कारणच पडू नये.

गोगलगायी खाणारा मासा आणून सोडावा, असाही सल्ला दिला जातो. लोच जातीचे काही मासे त्या खातात, पण दुकानात बोटाएवढा दिसणारा पट्ट्यांचा क्लाऊन लोच वाढून सुमारे एक फुटाचा होतो आणि त्यास सोबतीही लागतात. दोन फुटी पेटीत तो आणणे म्हणजे एका अडचणीच्या जागी दुसरी आणणे होय.

हाताने काढणे हाच उत्तम उपाय

आम्ही केले ते असे. काकडीची एक चकती उकळत्या पाण्यातून मिनिटभर काढून गार केली, आणि दिवे मालविण्याच्या वेळी आजींनी ती एका लहान बशीत पेटीच्या तळाशी ठेवली. पालकाचे पान किंवा दोडक्याची फोडही चालते. पहाटे दिवा लावण्यापूर्वी बशी अलगद उचलली, तेव्हा चकतीवर साठाहून अधिक गोगलगायी जमलेल्या होत्या. हा क्रम रोज रात्री चालवावा. चकती सकाळी न विसरता काढावी. ती तशीच राहिली तर आपणच पुन्हा गोगलगायींना मेजवानी दिल्यासारखे होईल. काचेवरील अंड्यांची पुंजकी जुन्या पत्त्याने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावीत. आठवड्यातून एकदा तळाचा गाळ रबरी नळीने ओढून चौथा हिस्सा पाणी बदलावे आणि नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग घालावे.

नळी सुरू करण्यासाठी ती तोंडाने ओढण्याची सवय अनेकांना असते. ती सोडावी. नळी आधी पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही टोके अंगठ्याने दाबून, एक टोक पेटीत व दुसरे खाली बादलीत सोडले की पाणी आपोआप वाहू लागते. कामानंतर हात साबणाने धुवावेत, हातावर जखम असल्यास काम दुसऱ्याकडे द्यावे.

काढलेल्या गोगलगायींचे काय करावे, हा प्रश्न भाच्याने फार संकोचाने विचारला. त्या तडफडत राहणार नाहीत अशा रीतीने संपविणे हेच उचित. एका भांड्यात त्या ठेवून त्यांवर उकळते पाणी ओतावे आणि मग कुंडीच्या मातीत पुराव्यात. कवचातील चुना झाडाच्या उपयोगी पडतो. पेटीचे काढलेले पाणीही कुंड्यांनाच घालावे. जुनी वनस्पती उन्हात कुरकुरीत होईपर्यंत वाळवून मग टाकावी. ओली फेकू नये.

खाडीत का ओतू नये

भाच्याचे पहिले म्हणणे असे की, "या तर खाडीतल्याच ना मामा, तिथे सोडल्या तर काय बिघडले?" हे म्हणणे वरवर बिनतोड वाटते. परंतु पेटीत असलेली जात खाडीतली आहे हे त्यास ठाऊक नव्हते. फायसा तर परदेशातून आलेली आहे. यापेक्षा मोठे उदाहरण पोमेशिया या सोनेरी, मोठ्या गोगलगायीचे. ही दक्षिण अमेरिकेची जात 1980 च्या सुमारास खाण्यासाठी पाळावी म्हणून तैवानात नेण्यात आली. तेथून ती फिलिपाइन्स, व्हिएतनाम आदी देशांत पोहोचली, शेतांत निसटली, आणि कोवळी भातरोपे खाऊन तिने शेतकऱ्यांचे अतोनात नुकसान केले. याच कुळातील शोभेच्या गोगलगायी दुकानांत विकावयास असतात. पाण्याच्या पातळीच्या वर काचेवर अंड्यांचा गुलाबीसर घोस दिसला तर ही जात समजावी आणि घोस काढून नष्ट करावा. ओलपाडची भातशेती कोसाडपासून लांब नाही.

गुरांची गोष्ट याहून जवळची आहे. लिम्निया जातीच्या गोगलगायींच्या शरीरात यकृतातील पर्णकृमीची वाढ होते. आजारी जनावराच्या शेणातून कृमीची अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेले सूक्ष्म जीव गोगलगायीत शिरतात, तेथे अनेक पटींनी वाढून बाहेर पडतात आणि पाण्याकाठच्या गवतावर कोश करून बसतात. ते गवत म्हशीने खाल्ले की कृमी यकृतात पोहोचतो. जनावर खंगते, दूध आटते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते. इंडोप्लॅनॉर्बिस या चकतीसारख्या गोगलगायीतून निघणारे दुसऱ्या एका कृमीचे जीव थेट कातडीतून शरीरात शिरतात. त्यांपैकी एक प्रकार गुरांच्या नाकातील रक्तवाहिन्यांत राहतो आणि जनावर घोरल्यासारखा आवाज काढू लागते. याच जीवांमुळे भातखाचरात किंवा डबक्यात उभे राहणाऱ्या माणसांच्या पायांना पुरळ येऊन खाज सुटते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, नाहीतर वाचक घरातील पेटीलाच भिऊ लागतील. पेटीत अंड्यातून जन्मलेली गोगलगाय कृमिमुक्त असते, कारण पेटीत गुरांचे शेण येत नाही. भय असेल तर ते तळ्यातून वा ओढ्यातून नुकत्याच आणलेल्या मोठ्या गोगलगायीचे. म्हणून शाळेच्या पेटीसाठी गुरांच्या पाणवठ्यावरून वनस्पती आणू नयेत, आणि आणल्याच तर मुलांना उघड्या हाताने हाताळू देऊ नयेत. ज्यांच्या गुरांत वरील लक्षणे आढळतील त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्यात शेण तपासून घ्यावे, आणि तोवर डबक्याकाठचे ओले गवत जनावरांपुढे टाकू नये.

आता त्या टोपीसारख्या ठिपक्याविषयी. 1952 साली डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी लघवीतून रक्त जाण्याचा एक आजार शिस्टोसोमा जातीच्या कृमीमुळे होत असल्याचे दाखवून दिले. हा आजार आफ्रिका व पश्चिम आशियात सर्वत्र परिचित, पण भारतात त्याचे ठाणे असेल असे कोणास वाटले नव्हते. त्या कृमीस आश्रय देणारी गोगलगाय शोधली गेली तेव्हा ती कोणी मोठी, डोळ्यांत भरणारी निघाली नाही. ती फेरिसिया टेन्युइस नावाची, दगडास व पानास चिकटून राहणारी, काही मिलिमीटर लांबीची टोपी निघाली. पेटीच्या काचेवर दिसणारे ठिपके याच प्रकारच्या घडणीचे असतात. त्यांपासून घरात काही अपाय होतो असे नव्हे. परंतु एवढासा प्राणी कोणता आहे हे ओळखण्यासाठी कोणीतरी भिंग घेऊन ओढ्यात उतरले, म्हणून गिमवीच्या दुखण्याचे कारण कळले, हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

वर्गासाठी

काढलेल्यांपैकी दोन-तीन फायसा काचेच्या बरणीत हायड्रिलाच्या फांदीसह ठेवल्या, तर महिनाभर पुरेल इतका पाठ तयार होतो. पानावरील अंड्यांचे पुंजके सुट्या पाण्यात ठेवून रोज भिंगाने पाहावे. काही दिवसांनी अंड्यात पिल्लू फिरताना दिसते, आणि चांगले भिंग व मागून उजेड असल्यास त्याचे धडधडणारे हृदयही दिसते. मिनिटात ठोके किती, हे मोजून सकाळी व दुपारी तुलना करावी. पाणी तापले की ठोके वाढतात. शेवाळ चढलेल्या काचेवर गोगलगाय चरून गेल्यावर मागे नागमोडी स्वच्छ पट्टा उरतो. तिच्या जिभेवर कानशीसारखे बारीक दात असतात, याचा हा पुरावा. दोन बरण्या घेऊन एकीत रोज खाद्य टाकावे, दुसरीत टाकू नये, आणि दर आठवड्यास गोगलगायी मोजून आलेख काढावा. आमच्या शाळेत हा प्रयोग सातवीच्या मुलांनी केला. पहिल्या बरणीचे पाणी मात्र तिसऱ्या आठवड्यात बदलावे लागले.

नवीन वनस्पती आणताना

पेटीत जाणारी प्रत्येक नवी फांदी आधी तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत ठेवावी. बादलीत मासे नसावेत, पाणी आठवड्यास बदलावे आणि दिसेल ती गोगलगाय काढावी. या मुदतीत अंडी फुटतात आणि पिल्ले दिसण्याएवढी वाढतात. घाई असल्यास एक लिटर पाण्यात सुमारे दहा ग्रॅम तुरटी विरघळवून तीत वनस्पती दोन-तीन तास बुडवावी व नंतर स्वच्छ पाण्याने नीट धुवावी. नाजूक पानांच्या वनस्पतींना हे सोसत नाही, म्हणून आधी एका फांदीवर करून पाहावे. तुरटीने सर्व अंडी मरतीलच अशी खात्री नसते. माझा भरवसा बादलीवर आहे.

संक्रांतीस भाच्याचा दूरध्वनी आला. पेटीत आता काचेवर सात-आठच गोगलगायी दिसतात आणि त्या तशाच राहू द्याव्यात असे त्याने आपणच ठरविले आहे. आजी रविवारी चकती ठेवतात. त्याने मित्राकडून व्हॅलिस्नेरियाची चार रोपे आणली आणि गॅलरीत बादलीत ठेवली. नवव्या दिवशी बादलीच्या कडेला त्यास दोन बारीक गोगलगायी दिसल्या. दोन्ही उजव्या तोंडाच्या आहेत आणि स्पर्शिका त्रिकोणी आहेत, असे त्याने सांगितले. बादली अजून गॅलरीतच आहे.